अकरा खुनांचा ऋणनिर्देश

गंधालीने एका परदेशी चित्रपटाचे संवाद मराठीत करून मागितले, तेव्हा नकार द्यायला डॉ. श्यामकांत ओगले यांना सत्तावीस मिनिटे लागली. नकाराला प्रस्तावना होती, पूर्वसूरींचा परामर्श होता आणि शेवटी निष्कर्षही होता. तुलनात्मक साहित्याचा विभागप्रमुख म्हणून एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला नुसते 'नाही' म्हणणे जमत नाही. मुलुंडच्या घरी जेवणाच्या टेबलावर भाजी निवत होती आणि गंधाली, एखाद्या विद्यार्थिनीसारखी, व्याख्यान संपण्याची वाट पाहत होती.

चित्रपट त्यांनी आदल्या दिवशी पाहिला होता. उत्तरेकडच्या एका चिमुकल्या देशात तितक्याच चिमुकल्या ऐपतीवर तो निघाला होता. अकरा तरुण-तरुणी तळ्याकाठच्या बंगल्यात सुट्टीसाठी जातात आणि मुखवटा घातलेला एक माणूस त्यांना एकेक करून मारतो, एवढीच कथा. पण या एवढ्याशा कथेतही स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. मुखवटा एका अमेरिकी चित्रपटातला, तळे दुसऱ्यातले, अवेळी वाजणारा टेलिफोन तिसऱ्यातला, आणि तळघरात एकटी उतरणारी मुलगी तर सगळ्यांतलीच. ज्या देशात सहा-सात महिने बर्फ असते तिथली मुले अर्ध्या चड्ड्या घालून अमेरिकेतला उन्हाळा उपभोगत होती, आणि थंडीने निळे पडलेले त्यांचे गुडघे कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे टिपले होते. चित्रपटातला तेवढाच प्रामाणिकपणा. श्यामकांतांनी वहीत दोन रकाने आखून उसनवारीची यादी केली होती. ती एकेचाळीस नोंदींवर थांबली होती.

"बेचाळिसावी नोंद माझ्या नावावर व्हावी, अशी तुझी इच्छा दिसते," त्यांनी समारोप केला.

कुंदाताईंनी भाजीवर झाकण ठेवले. "पोरीचं पहिलं स्वतंत्र काम आहे. तुम्ही नाही केलंत तर ती परत दुसऱ्याच्या हाताखाली जाईल. जेवा आता."

हे खरे होते. अंधेरीतल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत गंधालीने सहा वर्षे मदतनीस म्हणून काढली होती. आवाज देणाऱ्या कलाकारांसाठी कोमट पाणी आणणे, त्यांची पाने क्रमाने लावणे आणि त्यांचे रुसवे काढणे एवढाच तिचा अधिकार. यंदा प्रथमच एक संपूर्ण चित्रपट तिच्या हाती आला होता, आणि भाषांतरकार एका मालिकेच्या मोहात पडून अर्ध्यावर निघून गेला होता. शुक्रवारी सायंकाळी सहापर्यंत तयार मराठी आवृत्ती विक्रोळीच्या वितरण कंपनीत पोचली नाही, तर काम दुसरीकडे जाणार होते आणि गंधाली कोमट पाण्याकडे. श्यामकांतांनी मौन पाळून होकार दिला. अट एकच: त्यांच्या एकाही स्वल्पविरामाला कुणी हात लावायचा नाही. आणि तो लागत नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः स्टुडिओत बसणार होते.

पहिले तीन दिवस संवादांत गेले. दारात पाय चेमटलेला तरुण मूळ भाषेत दोन अक्षरांची किंकाळी फोडत होता. तिथे श्यामकांतांनी 'हे सर्वस्वी अनपेक्षित आहे' असे दिले होते. तळघरातली मुलगी अंधाराला 'येथे कोणी उपस्थित आहे काय' असे विचारत होती. ओठांच्या हालचालीत हे बसत नाही, हे गंधालीने त्यांना पडद्यावर बोट ठेवून दाखवले. बऱ्याच चर्चेनंतर, मरणाऱ्या माणसाला गौण वाक्य रचण्याइतकी सवड क्वचितच मिळते हे तत्त्व त्यांनी मान्य केले. बुधवारी संध्याकाळी शेवटची किंकाळी मराठीत झाली.

गुरुवारी सकाळी कळले की चित्रपट मुका आहे.

एरवी परदेशी चित्रपट येतो तो दोन वेगळ्या ध्वनिपट्ट्या घेऊन. एकीवर बोलणे, दुसरीवर बाकीचे सगळे, म्हणजे पावले, दारे, वारा. बोलण्याची पट्टी काढायची आणि तिथे मराठी बसवायचे. या चित्रपटाच्या कर्त्यांनी मात्र सगळे एकाच पट्टीवर ओतले होते. दुसरी पट्टी मागितल्यावर त्यांनी कळवले की तशी काही गोष्ट असते हे त्यांना ठाऊक नव्हते. एकेचाळीस गोष्टी उचलताना नेमकी उपयोगाची तेवढी राहून गेली होती. मूळ बोलणे पुसल्याबरोबर पावले गेली, दारे गेली आणि अकराच्या अकरा खून गेले. पडद्यावर माणसे मराठीत ओरडत होती आणि कोयता त्यांच्या डोक्यात अगदी शांतपणे उतरत होता.

गंधालीने रुक्मिणी परब यांना फोन केला. रुक्मिणीबाई विक्रोळीच्या. वडील कुडाळकडून गिरणीत कामाला आलेले, त्या स्वतः बावीस वर्षे चित्रपटांसाठी आवाज करणाऱ्या. पडद्यावर नायिका चालते तेव्हा ऐकू येतात ती बहुधा रुक्मिणीबाईंची पावले असतात. अकरा वाजता त्या जुन्या चपला-बुटांनी भरलेली पिशवी, साखळ्या आणि एक पोते घेऊन हजर झाल्या आणि चार वाजेपर्यंत त्यांनी अकरा जणांची चाल, पळापळ आणि धडपड एकटीने उरकली. काचेपलीकडे नियंत्रणाच्या टेबलाशी बसलेला ध्वनिमुद्रक सुबोध अधूनमधून अंगठा वर करत होता.

मग त्यांनी पोते उघडले. कवटी फुटण्याचा सर्वांत खात्रीचा आवाज अख्ख्या तांबड्या भोपळ्यावर कोयता मारला की येतो. बारा भोपळे आणले होते, अकरा खुनांचे आणि एक जास्तीचा. त्यांनी ते गोणपाटावर ओळीने मांडले, शेजारी कोयता ठेवला आणि हात बांधून बसून राहिल्या.

कशाची वाट पाहताय, असे गंधालीने विचारले. पुरुषाची, असे उत्तर आले.

"अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पयला घाव घालत नाय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "भोपळा म्हंजे घरातला थोरला मुलगा. पुरुषानं एकदा फोडून दिला की मग मी त्याची भाजी करीन, घारगे करीन, काय सांगशील ते करीन."

आजवर हा घाव त्यांचे यजमान लवू परब घालत आले होते. ते प्रत्येक वेळी सोबत येत, सांगितल्यावर मारत आणि उरलेला वेळ पेपर वाचत. सध्या ते गावी घराची कौले चढवत होते. आधी कुणी फोडून ठेवला आणि दुसरा घाव मुद्रित केला तर चालणार नाही का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. भोपळा एकदा दुभंगला की त्याचा आवाज पोकळ होतो, हे गंधालीला रुक्मिणीबाईंनीच शिकवले होते. सुबोधने ध्वनिक्षेपकावरून कळवले की त्याला एक तर मारता येईल किंवा मुद्रित करता येईल. शेवटी गंधालीने स्वतः कोयता उचलला. रुक्मिणीबाई चपला पिशवीत भरू लागल्या.

"तू मार गो, तुझा स्टुडिओ. पण माझ्यासमोर नको. माका बघूक जमाचा नाय. मी निघते."

त्या निघाल्या असत्या तर प्रेते ओढण्याचे, साखळ्यांचे आणि दारांचे आवाज राहिले असते, आणि उद्याचा दिवस सगळे जुळवण्यातच जाणार होता. गंधालीने कोयता खाली ठेवला. मग तिघांच्याही नजरा कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या, जिथे श्यामकांत मुद्रित झालेल्या स्वल्पविरामांवर खुणा करत होते.

ते उठले, पण मारायला नव्हे. या प्रथेला आधार काय, ती कोणकोणत्या जातींत आहे, घाटावरही आहे का, याची त्यांनी रीतसर पृच्छा केली. मग पशुबळीच्या जागी फळ कसे आले, फळाला पुत्राचे रूप का मिळाले आणि पुत्राच्या वधाचा अधिकार पित्याकडेच का राहिला, हे त्यांनी पंचवीस मिनिटांत उलगडून दाखवले. अशा समजुतींना शरण जाणे त्यांच्या विवेकाला कसे अशक्य आहे, हे सांगून ते थांबले. रुक्मिणीबाईंनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकले.

"बरोबर असेल सर तुमचं," त्या म्हणाल्या. "आता मारा."

श्यामकांतांनी मुलीकडे पाहिले. ती घड्याळाकडे पाहत नव्हती, आणि तेच त्यांना सहन झाले नाही.

त्यांनी पहिला भोपळा असा फोडला की फळीवर पुस्तक ठेवल्यासारखा आवाज झाला. काचेपलीकडून सुबोध संकोचून म्हणाला की खून झाल्यासारखे वाटत नाही, पत्र टाकल्यासारखे वाटते. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी कोनाचा विचार केला आणि कोयता अडकून बसला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि कोयता भोपळ्याच्या कडेला लागून गोणपाटात घुसला. नऊ भोपळे उरले. गंधालीने स्टेशनजवळच्या भाजीवाल्याला फोन केला. त्याच्याकडे चारच निघाले. इतके कशाला, कार्य आहे का, असे त्याने विचारले, आणि तिने हो म्हटले.

रुक्मिणीबाई फुटलेल्या फोडी बाजूला करत श्यामकांतांचे निरीक्षण करत होत्या. "सर, तुम्हाला राग येत नाय काय कधी?"

गेली चाळीस वर्षे आपण सतत संतप्त आहोत, असे त्यांनी सांगितले. विद्यापीठांच्या अधोगतीवर, वाङ्मयीन चौर्यावर, एकूण समाजाच्या बौद्धिक आळसावर.

"तो राग नाय, तो विचार," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "समाजावर कोयता चालत नाय, सर. एक माणूस घ्या. नाव सांगू नका, नुसता मनात धरा."



तो माणूस शोधावा लागला नाही. १९९७ साली डॉ. चंद्रप्रकाश हर्डीकर यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. हर्डीकर त्यांचे सहकारी, घाटकोपरला राहणारे, एका डब्यातून जेवलेले मित्र. त्या ग्रंथाचे तिसरे प्रकरण म्हणजे श्यामकांतांनी त्याच्या दोन वर्षे आधी विभागात वाचलेला निबंध होता. विषय होता वाङ्मयातील अनुकरण. शब्द तेच, क्रम तोच, आणि चौदाव्या तळटिपेत श्यामकांतांच्या हातून चुकीचा पडलेला पृष्ठांकही तोच. एकशे एकविसाच्या जागी एकशे बारा. ग्रंथाला पारितोषिक मिळाले. श्यामकांतांनी तक्रार केली नाही, कारण तक्रार करणे ही याचना असते असे त्यांचे मत होते. त्यांनी एवढेच केले की त्या दिवसापासून चंद्रप्रकाशना ते 'तुम्ही' म्हणू लागले. अठ्ठावीस वर्षे परिसंवादांतून भेट झाली की ते मान लववून नमस्कार करत, आणि घरी येऊन जेवत नसत.

त्यांनी चष्मा काढला. तो डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली. कोयता उचलला आणि मारला.

काचेपलीकडे सुबोधने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. आवाज आधी कोरडा होता, मग ओला, आणि त्यामागून जी शांतता आली ती कोणत्याही यंत्राने भरता आली नसती. भोपळ्याची दोन शकले दोन दिशांना गेली होती.

"एक झाला," रुक्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "सर, असंच."

दुसरा खून त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी झाला. तिसरा पारितोषिकासाठी. पाचव्या भोपळ्यावर कोयता उगारताना ते 'पृष्ठ एकशे बारा' असे स्पष्टपणे म्हणाले, आणि ते सुबोधला नंतर कापून काढावे लागले. आठव्या खुनाला त्यांनी अंगातले जॅकेट काढले. अकरा पुरे झाल्यावर गंधालीने आभार मानले, तेव्हा त्यांनी उरलेले दोन भोपळेही फोडले. ते कुणी मागितले नव्हते. त्या संध्याकाळी ते घरी दोन पोळ्या जास्त जेवले आणि लगेच झोपी गेले. कुंदाताईंनी गंधालीला बाजूला घेऊन, यांनी काही घेतले आहे का, असे विचारले.

शुक्रवारी सहाला वीस मिनिटे कमी असताना चित्रपट विक्रोळीला पोचला, आणि सव्वासहाला कंपनीच्या तपासनीस मानसी यांचा फोन आला. संवाद मान्य होते. तरुण मंडळी जरा जास्तच सुसंस्कृत बोलतात, पण ते चालेल. खुनांचे आवाज मात्र स्वीकारता येत नव्हते. असा आवाज अंधेरीतल्या एवढ्याशा स्टुडिओत होणे शक्य नाही, तो कुठल्या तरी मोठ्या अमेरिकी चित्रपटातून उचलला आहे हे उघड आहे, आणि उचललेल्या मालाबाबत कंपनीचे धोरण कडक आहे, असे त्यांनी सांगितले. गंधालीने फोन ठेवून हे वडिलांना ऐकवले. मुखवट्यापासून तळ्यापर्यंत सर्वस्व उचललेल्या चित्रपटाच्या वितरकांना चोरीचा संशय आला होता, आणि तो नेमका त्यातल्या एकमेव अस्सल गोष्टीचा. श्यामकांत पांढरे पडले. आयुष्यभर त्यांनी इतरांवर ठेवलेला आरोप प्रथमच त्यांच्यावर आला होता.

सुबोधने न कापलेले मूळ मुद्रण पाठवले. त्यात रुक्मिणीबाईंचे 'असंच' होते, पृष्ठ एकशे बाराही होते. ते ऐकल्यावर मानसी यांचा स्वर निवळला. आता फक्त एक तक्ता भरून द्यायचा होता. खुनाच्या प्रत्येक आवाजापुढे साधन, कलाकार आणि मूळ स्रोत. तक्ता सातच्या आत आला नाही, तर सोमवारी काम दुसऱ्या स्टुडिओला दिले जाणार होते.

गंधालीने पहिले दोन रकाने भरभर भरले: भोपळा, श्यामकांत ओगले. तिसऱ्यात ती आडवी रेघ ओढणार, तोच त्यांनी तिचा हात धरला.

"रेघ नको. रेघ मारलेले प्रबंध मी परत पाठवलेत."

"बाबा, भोपळा लिहू तिथंही?"

"भोपळा हे साधन आहे. मूळ नव्हे."

"सात वाजायला दहा कमी आहेत, बाबा. काहीही लिहा, पण लिहा."

काहीही लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आवाज कुठून आला हे त्यांना माहीत होते, आणि माहीत असलेला स्रोत दडवणे हा त्यांच्या लेखी जगातला सर्वांत हीन अपराध होता. तो अपराध, तोही केवळ सोयीसाठी, आपण कसा करावा? त्यांनी पेन घेतले आणि वळणदार अक्षरात, अकराही ओळींत, एकाखाली एक, 'डॉ. चंद्रप्रकाश हर्डीकर (१९९७)' असे लिहिले. सातला चार मिनिटे असताना तक्ता गेला. सात वाजता कंपनीचा होकार आला. गंधाली खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी कोमट पाणी मागवले.

चित्रपट प्रदर्शित झाला तो घरोघरच्या पडद्यांवर. मूळ कर्त्यांनी मराठी आवृत्ती ऐकली, ते अकरा आवाज स्वतःच्या आवृत्तीसाठी मागून घेतले आणि दुसऱ्या भागाचे सर्व ध्वनिकाम गंधालीकडे द्यायचे ठरवले. दुसऱ्या भागात एकोणीस खून होते. त्यांची अट एकच होती: हात तोच हवा. नोव्हेंबरच्या अठरा ते वीस तारखा ठरल्या. रुक्मिणीबाईंनी भोपळ्यांची मागणी आगाऊ नोंदवली आणि श्यामकांतांना निरोप पाठवला की सरांनी तोवर तब्येत सांभाळावी, आणि कुणाशी उगाच गोड बोलू नये.

कंपनीचा एक नियम मात्र कुणाला ठाऊक नव्हता. तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यातली नावे चित्रपटाच्या शेवटी 'विशेष ऋणनिर्देश' या शीर्षकाखाली आपोआप जात. ती कुणी वाचत नाही. घाटकोपरला हर्डीकरांचा नातू शौनक चित्रपट लावून तसाच झोपी गेला, आणि पडदा बंद करायला आलेल्या आजोबांना त्यावर स्वतःचे नाव दिसले. शीर्षकाखाली दुसरे नाव नव्हते. त्याच्या वरच्या ओळीत, मराठी संवादांपुढे, नाव होते श्यामकांत ओगल्यांचे.

रविवारी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सकाळी अकरा वाजता फोन आला. चंद्रप्रकाशांचा आवाज श्यामकांतांच्या आठवणीपेक्षा बराच म्हातारा झाला होता.

"श्यामकांत, तू माझं नाव दिलंस."

"दिलं," श्यामकांत म्हणाले. "देणं भाग होतं. तुमच्याशिवाय ते शक्यच नव्हतं."



"कशाबद्दल दिलंस ते नाही विचारत. पण तुझं नाव जिथं द्यायला हवं होतं तिथं मी दिलं नाही, आणि तू मात्र..." ते थांबले. "रात्रभर झोप नाही रे मला. अठ्ठावीस वर्षं झाली. ते तिसरं प्रकरण..."

या वाक्याची श्यामकांतांनी अठ्ठावीस वर्षे वाट पाहिली होती. त्याचे उत्तरही तयार होते. ते पाच वेळा सुधारून झाले होते आणि त्यात एकही अनावश्यक शब्द उरला नव्हता. आता मात्र त्यातला पहिला शब्दच आठवेना. छातीत इतकी वर्षे आवळून धरलेले काहीतरी सैल होत असल्यासारखे वाटले, आणि ते खाली उतरत उजव्या खांद्यात आले, तिथून दंडात. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची मूठ कोयता धरल्यासारखी वळून पाहिली. ती नीट वळत नव्हती.

समोर जमिनीवर दुसऱ्या भागाची पाने पसरून गंधाली बसली होती. ती एकेका खुनापुढे वेळ लिहीत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. ती गुणगुणते हे त्यांना माहीत नव्हते.

"चंद्रप्रकाश, थांबा," ते घाईने म्हणाले. "पुढे बोलू नका. आज नको."

"बोलू दे रे मला. किती दिवस राहिलेत आपले?"

"एकवीस तारखेला बोला. सकाळी करा फोन. कितीही वेळ बोला, मी ऐकून घेईन. पण वीसपर्यंत एक शब्द नको."

चंद्रप्रकाशांना काही कळले नाही. पण प्रबंधाला मुदतवाढ मिळालेल्या विद्यार्थ्याच्या स्वरात ते म्हणाले, "बरं. एकवीस." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "आणि तोवर तुझ्या मनात माझ्याबद्दल जे आहे..."

"ते असू द्या," श्यामकांत म्हणाले. "मला ते आहे तसंच लागणार आहे."